ट्रिना हुडाकचं शिफारसपत्र

माझी भाची ट्रिना अकरा वर्षांची असताना तिने एका म्हाताऱ्याच्या पुढ्यातलं ताट फिरवलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

माझी बहीण आर्लीन तेव्हा आमच्या स्टिलमन फेरीतल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. शाळा सुटली की ट्रिना तिथे जाऊन बसायची. बसायची म्हणजे काय, स्वस्थ बसणं हुडाकांच्या रक्तात नाही. ती ताटं गोळा करत फिरायची. तिथे गॅलुश्का नावाचे नदीवरचे एक निवृत्त बोटवाले होते. ते आठवडाभर ताटातलं अर्धंच जेवत होते. नर्स म्हणाली, "त्यांना वाटाणे आवडत नाहीत." ट्रिना म्हणाली, "काल त्या बाजूला केक होता. केक कुणाला आवडत नाही?" मग तिने सरळ ताट फिरवलं, डावी बाजू उजवीकडे आणली. गॅलुश्कांनी समोर नवीन जेवण आल्यासारखं बघितलं आणि सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मेंदूतली एक छोटी रक्तवाहिनी बंद झाली होती, आणि म्हाताऱ्याच्या लेखी जगाची डावी बाजू शिल्लकच नव्हती. हे कुणाच्या लक्षात आलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नर्सने घोट्यापर्यंत लोंबणारा एप्रन घातलेल्या पोरीकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून ट्रिना डॉक्टर होणार हे ठरलं. तिने ठरवलं, आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळ्यांनी ठरवलं. आमचं गाव ओहायो नदीच्या काठचं. गावात पोलादाचा कारखाना होता, तो गेला. चित्रपटगृह होतं, ते गेलं. एक डॉक्टर होता, तो फ्लोरिडाला गेला. अशा गावात एखाद्या घरातून नवीन डॉक्टर निघणार म्हटलं की तो साऱ्या गावाचाच होतो. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लेंटच्या शुक्रवारी, चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांच्या रांगेत उभं असलं की बायका ट्रिनाला स्वतःचे गुडघे दाखवायच्या. ती बारा-तेरा वर्षांची. पण बघायची, दाबून बघायची, आणि गंभीरपणे म्हणायची, "मावशी, खऱ्या डॉक्टरकडे जा."

ट्रिनाचा बाप वेंडेल हिवाळ्यात काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा आणि उन्हाळ्यात रस्त्याचे खड्डे बुजवायचा. हा माणूस वर्षभरात जेवढं बोलतो तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल, वर पत्त्याला जागा उरेल. त्यामुळे घरात मत देण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी गालिचे विकतो. माझं लग्न झालेलं नाही आणि मला मतं फार आहेत.

ट्रिनाचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा कॉलेज निवडायची वेळ आली. शाळेत मुलांना सल्ला द्यायला ऑस्ट्रँडर बाई होत्या. त्या तीस वर्षं सल्ला देत होत्या आणि तीस वर्षं तो कुणी ऐकत नव्हतं, म्हणून त्यांचा आवाज जरा चढाच असायचा. त्यांनी ट्रिनाला आणि आर्लीनला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, वीस मैलांवर सरकारी कॉलेज आहे. घरून जा-ये कर. डॉक्टरीच्या कॉलेजांना रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान असे तीन-चार ठरलेले विषय झालेले लागतात. ते कर. बाकी पदवी कशातही घे. तुला इतिहास आवडतो ना? इतिहास घे. ते लोक बघतात गुण. जिथे तुला झोप मिळेल, जेवण मिळेल आणि चांगले गुण मिळतील, तिथे जा."

आर्लीनने संध्याकाळी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. कोबीचे रोल होते. मी तोंडातला घास न गिळताच म्हणालो, "इतिहास? आणि पेशंटला काय सांगणार? नेपोलियन कशाने गेला ते?"

सगळे हसले. वेंडेल हसला, आर्लीन हसली. ट्रिनाही हसली, आणि इतिहासाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. माझ्या विनोदाने एवढं काम आयुष्यात दुसऱ्यांदा केलेलं नाही.

माझं तर्कशास्त्र दुकानातलं होतं. गालिच्यात जो महाग तो टिकतो. मग कॉलेजही नावाजलेलं हवं, आणि विषय असा अवघड हवा की नाव ऐकून समोरच्याने खुर्ची सरकवून द्यावी. मी जीवरसायन सुचवलं. मला त्यातलं फक्त नाव ठाऊक होतं. कॉलेजही मीच शोधलं. हॅल्स्टन कॉलेज, तीन तासांवर, टेकडीवर, लाल विटांचं. त्यांच्या माहितीपत्रकात एक ओळ ठळक छापली होती: डॉक्टरीला अर्ज करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी शंभरातले त्र्याण्णव प्रवेश मिळवतात.

"आणि सरकारी कॉलेजात किती?" आर्लीनने विचारलं.

"त्यांनी छापलेलंच नाही," मी म्हणालो. "यातच आलं सगळं."

आम्ही चौघे कॉलेज बघायला गेलो. सभागृहात दोनशे आईबाप खुर्च्यांच्या कडेवर बसलेले. समोर डॉक्टर प्रेंटिस उभे, जीवशास्त्राचे प्राध्यापक, शांत आणि स्वच्छ. बोलताना मध्येच चष्मा पुसायची त्यांची पद्धत अशी की तेवढ्यात आपण श्वास रोखून बसतो. त्यांनी सांगितलं की डॉक्टरीला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी कॉलेजची एक समिती स्वतः शिफारसपत्र लिहिते. वैद्यकीय कॉलेजं त्या पत्राला फार मानतात. मग त्यांनी त्र्याण्णवचा आकडा सांगितला. पहिली टाळी माझी होती. त्र्याण्णव कोणात मोजले, हे त्या दोनशेतल्या एकानेही विचारलं नाही. गालिचा घेणारं गिऱ्हाईकसुद्धा उलटी बाजू बघतं.

ट्रिनाला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती गेली.

पहिल्याच आठवड्यात प्रेंटिसांनी वर्गाला विचारलं, कुणाकुणाला डॉक्टर व्हायचंय? ट्रिनाने सांगितलं, "मामा, जवळजवळ दीडशे हात वर झाले. मला वाटलं छताला लागतील." तिची मैत्रीण झालेली एक मुलगी कॉलेजातलं पाठ्यपुस्तक शाळेतच एकदा संपवून आली होती. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहा बर्नर होते, त्यातले दोन पेटायचे. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायन आलं. ट्रिना सकाळी सहाला उठायची, जेवताना पुस्तक समोर, आणि शेवटी तिला "क" दर्जा मिळाला. आयुष्यातला पहिला. फोनवर तिने तो एखाद्या आजाराचं निदान सांगावं तसा सांगितला.

"मग विषय बदलू का? इथे इतिहासाचे एक फार छान सर आहेत."

"आता?" मी म्हणालो. "अर्ध्या वाटेत? लोक म्हणतील पळाली. अवघड आहे म्हणजेच चांगलं आहे, ट्रिना. घट्ट धरून राहा."

ती घट्ट धरून राहिली. दीडशेतली बाकीची मुलं एकेक करून सुटत होती. कुणी अर्थशास्त्राला गेलं, कुणी शिक्षक व्हायला. नाताळात ती घरी यायची ती बारीक होऊन. आर्लीन तिला खायला घालायची, वेंडेल तिच्या गाडीचं तेल बदलायचा, आणि मी तिला धीर द्यायचो. तिघांत सगळ्यात निरुपयोगी काम माझं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात, समितीचा निर्णय आला. आम्ही जेवायला बसलो होतो. ती घरी आली, पिशवी दाराशी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "ते माझं पत्र लिहिणार नाहीत."

"म्हणजे?"

"समिती माझ्या अर्जाला पाठिंबा देऊ शकत नाही. प्रेंटिस सर फार चांगलं बोलले. म्हणाले, इतर पुष्कळ सुंदर वाटा आहेत."

"मग तुझ्यासारखे अजून किती?" आर्लीनने विचारलं.

"आमच्या वर्षातले चाळीस जण उरलो होतो. त्यातल्या पंचवीस जणांना पत्र दिलंय. पत्र नाही त्यांनी अर्ज केला तर तो कॉलेज आपला धरत नाही."

मी अजून डोळे मिचकावत होतो. बोलला तो वेंडेल. काटा खाली ठेवून, हळू, रस्त्याचं माप घ्यावं तसा बोलला. "म्हणजे पडतील असे वाटतात ते आधीच रांगेतून बाहेर काढायचे. आणि मग रांगेतले मोजायचे."

त्र्याण्णवचा अर्थ आमच्या घरात तीन वर्षांनी कळला, आणि तो खड्डे बुजवणाऱ्या माणसाला कळला.

ट्रिनाने तरीही अर्ज केला. पदवी घेतली, जवळच्या रुग्णालयात रक्त काढायचं काम धरलं, आणि समितीशिवाय, आपल्या दोन-तीन शिक्षकांची पत्रं घेऊन अर्ज पाठवले. माझ्या दुकानातल्या संगणकावर बसून भरायची, कारण घरचा संगणक वेंडेलइतकाच बोलका होता. प्रत्येक पत्र मागवताना एक चौकोन यायचा: हे पत्र वाचण्याचा माझा हक्क मी सोडून देत आहे. ट्रिना प्रत्येक वेळी त्यात खूण करायची.

"का गं सोडतेस?" आर्लीनने विचारलं. "कायद्याने हक्क आहे ना?"

"आई, खूण नाही केली तर त्यांना वाटतं, हिचा आपल्या शिक्षकांवर विश्वास नाही. मग त्या पत्राला किंमत राहत नाही. सगळेच सोडतात."

"मग आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कळणार कधी?"

"कळायचंच नसतं."

सगळीकडून नकार आले, एका ठिकाणाहून मुलाखत आली. मुलाखतीनंतर तिला प्रतीक्षा यादीत टाकलं. ही यादी फार क्रूर. नकार आला तर माणूस रडून मोकळा होतो. यादीत असला की ऑगस्टपर्यंत फोन उशाशी घेऊन हिंडतो. एकदा तर ती रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून फोन वाजतोय का ऐकत उभी होती. रुग्ण म्हणाला, "बाई, रक्त काढताय की माझा हात वाळवताय?"

ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी फोन आला. वर्ग सोमवारी सुरू होणार होते. तिकडची बाई म्हणाली, एक जागा होईलसं दिसतंय, तुमची फाइल समोर आहे, पण तुमच्या कॉलेजच्या समितीचं पत्र त्यात नाही. पत्र किंवा निदान खुलासा, उद्या दुपारपर्यंत कॉलेजकडून यायला हवा.

वेंडेल कामावर होता. मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं माझ्या व्हॅनमधून निघालो. मागे गालिच्यांच्या गुंडाळ्या प्रत्येक वळणावर इकडून तिकडे लोळत होत्या. ट्रिना पूर्ण तीन तास एक शब्द बोलली नाही, आणि मी तीन तास बोललो.

प्रेंटिस सुदैवाने खोलीत होते. अर्धी चड्डी घालून पुस्तकं आवरत होते. गुडघे आमच्यासारखेच होते, याचं मला उगीच आश्चर्य वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मिस हुडाक, समिती ऑगस्टमध्ये बसत नाही. एक सभासद तर मेन राज्यात समुद्रावर आहेत."

"सर," मी मध्ये पडलो, "तुम्ही हिला तुमच्यात मोजलेलंच नाही. आता ही आत गेली तर तुमचा तोटा काय? आकडा झाला तर वाढेलच!"

त्यांनी चष्मा पुसला. "आकड्याचा प्रश्न नाही. समितीने जे ठरवलं ते मी एकटा बदलू शकत नाही." मग ट्रिनाकडे बघून म्हणाले, "पण खुलासा मी लिहीन. वाचण्याचा हक्क सोडल्याची सही बॉनीकडे करून जा. ते पत्र फाइलमध्ये राहील. पुढेही कुठे लागलं तर बॉनी पाठवेल."

ट्रिनाने त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, हे मी शेजारी उभा राहून बघितलं.

बॉनी म्हणजे त्यांची सचिव, साठीच्या आसपासची. अर्ध्या तासाने ती आतून एक कागद घेऊन आली आणि तो फॅक्सच्या यंत्राशेजारी पालथा ठेवला. ट्रिनाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला कॉफी आणायचीय. खाली मशीन बिघडलंय, पलीकडच्या इमारतीत जावं लागतं. दहा मिनिटं तरी लागतील, बेटा."

दार लागलं. मी हात पुढे केला. ट्रिनाने कागदावर तळवा ठेवला.

"मामा, नको."

"अगं, ती मुद्दाम गेलीय!"

"कळलंय मला. पण मी आत्ताच सही केलीय."

"सही गेली उडत! आत काय आहे ते बघ, मग पाठवायचं की नाही ते ठरव."

"उद्या डॉक्टर झाले तर लोकांची कागदपत्रं माझ्या ताब्यात असतील," ती म्हणाली. "तेव्हाही कुणीतरी कॉफी आणायला जाईलच ना?"

दहा मिनिटं ती कागदावर हात ठेवून उभी राहिली. बॉनी कॉफी न घेताच परतली. हात तसाच बघून तिचा चेहरा पडला. तिने कागद यंत्रात घातला, यंत्राने तो खाल्ला आणि खालून ओकला. ट्रिना आईला फोन करायला बाहेर गेली. बॉनी तो कागद फाइलमध्ये ठेवायला निघाली, माझ्यापाशी थांबली, आणि नको तेवढा वेळ तो कागद माझ्या नाकासमोर धरून उभी राहिली.

दोन ओळी होत्या. समितीने या विद्यार्थिनीच्या अर्जास पाठिंबा नाकारला आहे. नकाराची कारणे कळवण्याची समितीची प्रथा नाही.

मी बाहेर आलो. ट्रिनाने विचारलं, "काय म्हणाली बॉनी?" मी म्हणालो, "शुभेच्छा दिल्या." पत्र तर गेलं होतं. आता सांगून काय होणार, असा मी विचार केला, आणि परतीच्या वाटेवर तीन तास मी गप्प होतो.

शुक्रवारी दुपारी कळलं, जागा दुसऱ्याला दिली.

त्यानंतर तीन वर्षं गेली. ट्रिना रक्त काढत राहिली. आमच्या गावात लोक आता तिच्या ड्यूटीची वेळ विचारून तपासणीला जातात, इतका तिचा हात हलका आहे. दर वर्षी ती अर्ज करायची आणि दर वर्षी नकार यायचे. मुलाखतीचं बोलावणंसुद्धा पुन्हा आलं नाही. हे असं का, एकदा तरी बोलावलं होतं ना, असं आर्लीन मला विचारायची, आणि मी म्हणायचो, स्पर्धा वाढलीय.

चौथ्या वर्षी जूनमध्ये ट्रिना दुकानात आली. संगणकापाशी बसली. मी एका गिऱ्हाइकाला नमुने दाखवून मोकळा झालो होतो.

"यंदा शेवटचं," ती म्हणाली. "यंदाही नाही झालं तर सोडून देईन. सगळं तयार आहे. फक्त हॅल्स्टनला फोन करायचा राहिलाय."

"हॅल्स्टनला कशाला?"

"प्रेंटिस सरांचं पत्र पाठवायला सांगायला. दर वर्षी सांगते. माझ्या सगळ्या पत्रांत तेच वजनदार आहे, कॉलेजच्या कागदावरचं. त्या दिवशी त्यांनी एवढा अर्धा तास काढला, मामा. चांगलंच लिहिलं असणार."

माझ्या हातात नमुन्यांची चळत होती. ती खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

"किती ठिकाणी पाठवलंस ते?"

"सगळीकडे. का?"

मग मी सांगितलं. दोन्ही ओळी सांगितल्या. त्या मला तोंडपाठ होत्या.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "तू वाचलं होतंस."

"बॉनीने समोर धरलं. तू बाहेर होतीस. पत्र तोवर गेलं होतं, ट्रिना."

"ते एक गेलं होतं," ती म्हणाली. "मी नंतर तीस पाठवली."

"मला माहीत नव्हतं गं. आईशप्पथ, मला माहीत असतं तर..."

"तुला विचारायचं मला कसं सुचणार होतं? मला वाटत होतं की त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही." ती अजून पडद्याकडेच बघत होती. "ओरडले असते तुझ्यावर तेव्हा. आठवडाभर बोलले नसते. एवढंच झालं असतं ना? त्याची भीती वाटली तुला?"

याला उत्तर होतं, आणि ते "हो" होतं. मी ते दिलं नाही.

तिने फोन उचलला. बॉनी निवृत्त झाली होती. कुणी नवीन मुलगी होती, तिचा उत्साही आवाज मला काउंटरपलीकडे ऐकू येत होता. हो हो, तुमची फाइल आहे, यंदा पत्र कुठे कुठे पाठवायचं?

"कुठेच नाही," ट्रिना म्हणाली. "यापुढे कुठेच पाठवू नका."

त्या पत्राशिवाय तिचं झालंच असतं, असं मी म्हणत नाही. "क" होताच, दुबळे गुण होतेच, आणि तेही मी निवडलेल्या कॉलेजातले, मी निवडलेल्या विषयातले. मी तिला म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, पत्राशिवाय एकदा पाठवून बघ, ऑस्ट्रँडर बाईंना विचारू या. ती म्हणाली, "तू आता काही सुचवू नकोस." आवाज चढला नव्हता. भरलेला अर्ज तिने पडद्यावरून पुसला, संगणक बंद केला आणि ड्यूटी होती म्हणून रुग्णालयात गेली.

त्या वर्षी तिने अर्ज केला नाही. पुढच्याही वर्षी केला नाही. आर्लीनला तिने कारण सांगितलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही. रविवारी मी जेवायला जातो तेव्हा ती माझ्या ताटात वाढते, मीठ पुढे करते, दुकान कसं चाललंय विचारते. मी काही गमतीचं बोललो की वेंडेल आणि आर्लीन हसतात.